पाच वाजता हमखास गोड आठवतं

प्रश्न: माझं वय 34, उंची 158 सेंटिमीटर, वजन 71 किलो. ठाण्यात राहते, काम बैठं आहे. खाण्यात मी लहानपणापासून नखरेल. पालेभाज्या, वांगं, दुधी, भेंडी, मोडाची उसळ, आंबट दही यांतलं काहीच घशाखाली उतरत नाही. पोळी, बटाट्याची भाजी, वरण-भात, पनीर, सॉस घालून कडक आमलेट, काकडी, सफरचंद, केळं, शेंगदाणे एवढ्यावर माझं चालतं. सकाळी चहा-बिस्किटं, डब्यात दोन पोळ्या आणि बटाटा. पाच वाजले की गोड हवंच, मग चॉकलेट असो नाहीतर ऑफिसातला कुणाचा केक. रात्री जेवून झालं की फ्रीजमधल्या कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात चमचा जातो. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. वजन उतरवायला वर्षभरात तीनदा साखर पूर्ण बंद केली आणि तिन्ही वेळा पाचव्या दिवशी हरले. मागच्या वेळी तर पाव किलो पेढे एकटीने संपवले. माझ्यात मनोनिग्रहच नाही का?
— एक गोडघाशी

उत्तर: मनोनिग्रहाचं नंतर बघू, आधी तुमचा डबा उघडू. सकाळपासून पाच वाजेपर्यंत तुमच्या पोटात जातं काय? बिस्किटं, पोळी, बटाटा आणि चहातलं थोडं दूध. यातून प्रथिनं मिळतात जेमतेम बारा-तेरा ग्रॅम. एक वाजता खाल्लेलं हे जेवण साडेचारपर्यंत जिरून गेलेलं असतं. त्यात कामाचा शीण आणि रोज त्याच वेळी गोड खायची सवय. ‘शुगर डाऊन झाली’ असं आपण म्हणतो खरं, पण मधुमेहाची औषधं न घेणाऱ्या माणसाची साखर त्या वेळी सहसा धोक्याइतकी उतरलेली नसते. ती भूकच असते. फक्त ती गोडाच्या नावाने हाक मारते, कारण इतक्या वर्षांत तिला दुसरं उत्तर मिळालेलं नाही.

आता यात साखर एकदम बंद केली की काय होतं ते बघा. ज्याला पन्नास पदार्थ आवडतात त्याला गोड सोडलं तरी एकोणपन्नास उरतात. तुमचे मुळात दहा-बारा. वजन उतरवण्याच्या तयार तक्त्यांत दुधीचं सूप, मोडाची कोशिंबीर, पालकाची भाजी असते आणि ती तुम्ही खात नाही. म्हणजे हाती उरतात दोन पोळ्या आणि काकडी. पाचव्या दिवशी शरीर उधारी वसूल करायला येतं आणि नेमका तेव्हा पेढ्यांचा पुडा समोर असतो. म्हणून पहिले दोन आठवडे साखर कमी करायला जाऊ नका. फक्त ताटात भर घाला. वजन उतरवायचंय आणि खायला सांगताहेत, हे उफराटं वाटेल, पण तुमच्या बाबतीत क्रम हाच.

तुमच्या उंचीच्या बाईने वजन उतरवताना दिवसाला 55 ते 60 ग्रॅम प्रथिनं घ्यावीत. सध्या तुम्ही तीसच्या आसपास असाल. तुमच्याच यादीतून हिशेब जमतो. सकाळी बिस्किटांऐवजी दोन अंड्यांचं आमलेट: 12 ग्रॅम. डब्यात बटाट्याची भाजी निम्मी करून सोबत 60 ग्रॅम पनीरची कोरडी भुर्जी: 11 ग्रॅम, आणि दोन पोळ्यांचे सहा. रात्री वरण पळीवाढं न करता घट्ट, एका माणसाला 30 ग्रॅम डाळ, म्हणजे मुठीपेक्षा थोडी कमी: सात ग्रॅम. त्यासोबत वाटीभर भात किंवा एक भाकरी. दिवसभरातलं दूध आणि गोडं दही धरून आणखी आठ-दहा. पाचच्या आधीचं खाणं खाली येतंच आहे. अंडी ज्या दिवशी चालत नाहीत त्या दिवशी 40 ग्रॅम बेसनाचं धिरडं करा, त्यातून आठ-नऊ ग्रॅम मिळतात.

आमलेटवरच्या सॉसचं तेवढं बघा. टोमॅटो सॉसच्या एका मोठ्या चमच्यात चहाचा एक चमचा साखर असते आणि आमलेटवर कुणी एकच चमचा घेत नाही. त्याऐवजी शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी चालते का बघा. दोन्ही कोरड्या आणि खमंग, तेव्हा तुमच्या जिभेला अडचण नसावी.

आता पाच वाजताचं. यातली मुख्य युक्ती घड्याळाची आहे: खाणं सव्वाचारला. तल्लफ आल्यावर डबा शोधायचा नाही, ती यायच्या आधी खाऊन मोकळं व्हायचं. 20 ग्रॅम फुटाणे आणि 10 ग्रॅम शेंगदाणे घरूनच छोट्या डबीत भरून न्या. साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि 130च्या आसपास कॅलरी. मोठी बरणी ऑफिसात ठेवू नका, शेंगदाणे हे मोजून घेतले तरच औषध. मूठ-मूठ करत शंभर ग्रॅम गेले की साडेपाचशेच्या वर कॅलरी होतात आणि कळतही नाही. ज्या दिवशी गोडच हवं असं वाटतं त्या दिवशी शेंगदाण्यांसोबत एक लहान केळं घ्या, किंवा सफरचंदाच्या फोडींवर चिमूटभर दालचिनीची पूड. दालचिनी, वेलदोडा, जायफळ, केशर यांचा वास आपल्या डोक्यात गोडाशी इतका घट्ट बांधलेला आहे की साखर कमी असली तरी पदार्थ गोड लागतो.

तरीही पाचला केक आलाच तर? पंधरा मिनिटं थांबा आणि त्यातली दहा चाला. जिना, गच्ची, रस्ता, कुठेही. तल्लफ चढते, टिकते आणि ओसरते. ती सलग तासभर त्याच जोरात राहत नाही. पंधरा मिनिटांनंतरही हवासा वाटला तर दोन बोटं रुंद तुकडा घ्या आणि बसून खा. उभ्याने, फोनवर बोलत खाल्लेल्या केकची मेंदू नोंदच घेत नाही.

दोन आठवड्यांनी चहाकडे या. आधी तुमचा ‘चमचा’ मोजा, कारण इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. चहाचा सपाट चमचा साखर म्हणजे चार ग्रॅम, शीग लावलेला चमचा सात ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे तुमचे चार चहा 32 ग्रॅमचे असतील किंवा 56 ग्रॅमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये वरून घातलेल्या साखरेसाठी जी मर्यादा सुचवली, ती दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास पाच टक्के, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. तुमचा सगळा कोटा चहातच संपतो, चॉकलेटपर्यंत पोचायच्या आधी.

चमचा सपाट करा आणि दर दहा दिवसांनी प्रत्येक कपातला अर्धा चमचा कमी करा: दोन, दीड, एक, अर्धा. अर्ध्यावर थांबलात तरी दिवसाची साखर आठ ग्रॅमवर आली. एकदम बिनसाखरेवर उडी मारू नका. जिभेची गोडाची पट्टी खाली यायला दोन-तीन महिने लागतात. एकदा ती आली की पूर्वीचा चहा पाकासारखा लागतो. दुसरी चूक म्हणजे साखरेबरोबर चहाच सोडणं. मग डोकं ठणकतं आणि आपण समजतो, ‘शरीर साखर मागतंय.’ बहुतेकदा ते चहातलं कॅफीन बंद झाल्याचं दुखणं असतं. साखर कमी करा, चहा राहू द्या. टपरीच्या चहात साखर उकळतानाच पडलेली असते, तिथे कटिंग घेणं एवढाच उपाय. ऑफिसच्या मशीनच्या पावडरीतही बहुधा साखर मिसळलेलीच येते, तेव्हा पाकिटावर वाचून बघा.

गूळ, मध, खडीसाखर यांनी काही साधत नाही. 100 ग्रॅम साखरेच्या 400 कॅलरी, गुळाच्या 380 च्या आसपास, आणि गूळ ‘चांगला’ म्हणून हात सैल सुटतो. कृत्रिम गोडी वजन आटोक्यात ठेवण्यासाठी वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं आहे (ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नाही). आमचा आक्षेप त्याहून साधा: त्या गोळ्यांनी जीभ आहे तिथेच राहते. ‘शुगर फ्री’ मिठाईत खवा आणि तूप तेवढंच असतं. खजूर-अंजिराची बर्फी ही तर वाळवून घट्ट केलेली साखरच म्हणायची. फायबर थोडं मिळतं एवढंच.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे, कारण तेव्हा पोट भरलेलं असतं. एकाच चवीचं खात गेलं की त्या चवीचा कंटाळा येतो, पण निराळ्या चवीला भूक जागीच असते. म्हणून पोट तट्ट भरल्यावरही गोडाला जागा सापडते. आपल्या जुन्या पानवाढीत याचा बंदोबस्त होता. गोड जेवणानंतर वेगळं येत नसे, ते पानातच असे, पुरीशी श्रीखंड, कटाच्या आमटीशी पुरणपोळी, आणि शेवट ताकभाताने किंवा दहीभाताने. हाच क्रम पुन्हा धरा. गोड खायचं त्या दिवशी ते जेवणात घ्या, वाटीत मोजून, आणि शेवटचा घास भाताचा. मग दात घासा. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्याने काही वेळ गोड चव मंदावते, त्यामुळे कंडेन्स्ड मिल्कचा चमचा नेहमीसारखा लागत नाही. त्याच डब्याबद्दल एक आकडा: त्यात निम्म्याहून जास्त साखर असते, मोठे दोन चमचे म्हणजे 20-22 ग्रॅम. हा डबा घरात नको. चॉकलेट-बिस्किटांवर ताबा ठेवता येईल, पण उघडा डबा आणि चमचा यांच्यामध्ये कसलाच अडसर नसतो. बडीशेप खाणार असाल तर भाजलेली साधी, रंगीत साखरेची नव्हे.

आठवड्यातून दोन दिवस खरं गोड खा, मनापासून आवडणारं. ओट्सचा लाडू आणि बिनसाखरेची खीर खाऊन मन मारण्यात अर्थ नाही. इतर दिवशी 70 टक्के कोकोच्या चॉकलेटचा दहा ग्रॅमचा तुकडा किंवा दोन लहान खजूर पुरतात. आणि चक्का. तुम्हाला आंबट दही नको, पण चक्का आंबट होतो तो बाहेर टांगल्यामुळे, विशेषतः उन्हाळ्यात. ताजं लागलेलं 400 ग्रॅम दही पातळ कापडात घालून गाळणीत ठेवा, गाळणी पातेल्यावर, वर झाकण, आणि सगळं फ्रीजमध्ये आठ तास. निम्मा, साधारण 200 ग्रॅम चक्का मिळतो. त्यातल्या 100 ग्रॅमला एक सपाट चमचा साखर, वेलदोडा, जायफळ, दुधात भिजवलेलं केशर घालून फेटा. साखर लगेच विरघळत नाही, दहा मिनिटं ठेवून पुन्हा फेटा, नाहीतर ‘गोडच नाही’ म्हणून दुसरा चमचा पडतो. बाजारच्या श्रीखंडात 100 ग्रॅमला 40 ग्रॅमच्या आसपास साखर असते, इथे चार.

आता नखरे. हा शब्द तुम्ही वापरलात, आम्ही वापरणार नाही. नावडत्या पदार्थांची तुमची यादी नीट बघितली तर त्यात एक सूत्र दिसतं: गिळगिळीत, मऊ, कडवट आणि आंबट नको, कोरडं, कुरकुरीत, खमंग चालतं. म्हणजे भाजीपेक्षा तिचा पोत आणि शिजवण्याची रीत नडते. तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला. बटाट्याची जी पिवळी भाजी आवडते, तिच्याच फोडणीत चौथा हिस्सा फ्लॉवर घाला. तुरे मोठे ठेवा, आच मोठी, झाकण नको. फ्लॉवर आणि कोबी झाकून फार वेळ शिजवले की गंधकाचा तो वास सुटतो, ज्याच्यामुळे निम्म्या महाराष्ट्राला डब्यातला कोबी नकोसा झाला आहे. भेंडी धुऊन पूर्ण पुसा, मोठे तुकडे करा, मीठ अगदी शेवटी घाला आणि परतताना दोन आमसुलं टाका. बुळबुळीतपणा पाण्याने आणि लवकर घातलेल्या मिठाने वाढतो, आंबटाने कमी होतो. आमसुलं नंतर काढून टाका, भाजीला आंबटपणा फारसा उतरत नाही.

दुधी थालीपिठात घाला, पण किसून पिळलेलं पाणी फेकू नका, त्याच पाण्यात पीठ भिजवा. पिळला नाही तर थालीपीठ तव्यावर तुटतं आणि दोष दुधीला जातो. उसळ नको तर अख्खे मूग वाटून धिरडी करा: वाटीभर मूग सहा ते आठ तास भिजवून, आलं-मिरची घालून सरसरीत वाटा. पाच-सहा धिरडी होतात, एकेकातून सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. पीठ पातळ झालं किंवा तवा नीट तापला नसला तर धिरडं चिकटतं. तव्यावर पाण्याचा शिपका मारला की चर्र वाजलं पाहिजे, मग आच कमी करून पीठ पसरायचं. कडा सुटेपर्यंत उलथनं लावू नका.

पालकाची तुम्हाला घाई नको. पोळीच्या कणकेत वाटीला पाव वाटी पालकाची पेस्ट, एवढ्याने सुरुवात. मात्र लपवून खाणं ही कायमची सोय करू नका, नाहीतर पालक खाल्ला जाईल आणि पालक आवडणार कधीच नाही. दर दोन-तीन दिवसांनी नवी भाजी उघड दिसेल अशी, एक चहाचा चमचा, जेवणाच्या सुरुवातीला भूक असताना. सवय व्हायला दहा-पंधरा वेळा लागू शकतात. बहुतेक जण चौथ्या वेळी सोडून देतात. महिन्याला एकच भाजी हाती घ्या. ती आवडलीच पाहिजे असंही नाही, ताटात सहन झाली तरी पुरे. आणि नवी चव कधीही पाच वाजता, भुकेने जीव कासावीस झालेला असताना घेऊ नका.

झोप सहा तासांच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ दोन्ही वाढतात. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवसही बऱ्याच जणींना जड जातात. त्या दिवसांत आवळून धरण्यापेक्षा दीडशे कॅलरीचं जास्तीचं खाणं आधीच ठरवून ठेवा.

एकदा तपासण्या करून घ्या: उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-12. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 28 च्या वर आहे. भारतीयांसाठी 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. कंबर 80 सेंटिमीटरच्या वर असेल तर या तपासण्या लांबवू नका. उपाशीपोटीची साखर 100 ते 125 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. खूप तहान, वारंवार लघवी असेल तर डॉक्टरांकडे लगेच जा. आणि हे वाचणाऱ्या इतर कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर घाम, थरथर, छातीत धडधड यांसह गोड खावंसं वाटणं ही तल्लफ नव्हे. तिथे पंधरा मिनिटं थांबायचं नाही. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी साखर मोजायची.

काट्याबद्दल थोडं. पहिल्या आठवड्यात किलोभर उतरला तर खूश होऊ नका, ते बरंचसं पाणी असतं. पुढे आठवड्याला अर्धा किलो म्हणजे उत्तम, पाव किलोही वाईट नाही. तीन महिन्यांत साडेतीन किलो गेले तर वजनाचे पाच टक्के गेले, आणि तेवढ्यानेही साखर व रक्तदाबावर फरक पडू लागतो.

पेढ्यांचं राहिलं. पुडा पुन्हा येईल. कुणाच्या बारशाचा, कुणाच्या निकालाचा. एक पेढा जेवणात घ्या आणि उरलेला पुडा त्याच दिवशी सोसायटीत वाटून टाका, ‘उद्या’ म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नका. आणि एखाद्या दिवशी सगळा संपवलातच, तर दुसऱ्या दिवशी उपास करायचा नाही. उपास केला की पाच वाजता पुन्हा तीच उधारी दारात. सकाळी दोन अंड्यांचं आमलेट, सव्वाचारला डबी, नेहमीसारखं. मात्र असं आठवड्यातून एकदा तरी होत असेल, लपूनछपून होत असेल, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नसेल आणि नंतर स्वतःची किळस वाटत असेल, किंवा नव्या पदार्थाच्या नुसत्या वासाने उलटी येत असेल, तर आहारतज्ज्ञाबरोबरच मानसोपचारतज्ज्ञालाही भेटा. या दोन्हींवर उपचार आहेत आणि त्यांचा मनोनिग्रहाशी संबंध नाही.